दोन रिंगा

माझ्या सवयींवर आमच्या सोसायटीतले लोक हसतात, हे मला ठाऊक आहे. हसोत बापडे. पहाटे साडेपाचला उठायचं, उठल्याबरोबर अंथरुणाची घडी, चपलांची तोंडं दाराकडे, गॅस शेगडीला आणि सिलिंडरला असा दोन्हीकडे बंद. दिवस नीट जायला हवा असेल तर सकाळ हातची जाता कामा नये, असं मी येईल त्याला ऐकवायचो. आता ऐकवत नाही. सवयी मात्र सुटलेल्या नाहीत.

त्यातलीच एक मी बायकोलाही लावली होती. ती सदाशिव पेठेत एका क्लासमध्ये गणित शिकवायची, विश्रांतवाडीहून बसने जायची. पोचली की तिने दोन रिंगा द्यायच्या आणि फोन कापायचा. मी उचलायचा नाही. बोलणं महाग होतं तेव्हाची ही पद्धत. पुढे बोलणं जवळजवळ फुकट झालं, तरी मी ती मोडू दिली नाही.

"अहो, एकदा उचलून नुसतं 'हं' म्हणालात तर काय बिघडेल?" ती विचारायची.

"सवय बिघडेल," मी म्हणायचो. वर, कसं गप्प केलं, याचं समाधानही वाटायचं.

त्या दिवशी पावणेदहाला फोन वाजला. मी दुसरा चहा ओतत होतो. दोन रिंगा झाल्या, तीन झाल्या. मी सात मोजल्या. "कापायला विसरली, वेंधळी कुठली," असं मोठ्याने म्हणालोसुद्धा. मग फोन थांबला आणि मी पेपर उघडला. चहा फक्कड झाला होता. एवढं मला आठवतं, याची लाज वाटते.

तासाभराने हॉस्पिटलमधून फोन आला. बसमधून उतरताच तिच्या छातीत दुखू लागलं आणि ती स्टॉपमागच्या फुटपाथवरच बसली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फोन उचलला असता तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. "काही फरक पडला नसता, काका," ते म्हणाले. ते सगळ्यांनाच असं सांगत असणार.

अजूनही पावणेदहाला फोन वाजल्यासारखा वाटतो. मी धावत जाऊन उचलतो. स्क्रीन काळी असते. 'हं' म्हणून ठेवून देतो. दुसरा चहा ओततो, तो तसाच गार होतो.

गेल्या महिन्यात धीर करून त्या स्टॉपवर गेलो. तिथे गजरे विकणाऱ्या बाई बसतात. त्यांनीच तिला पाणी पाजलं होतं, असं हॉस्पिटलमध्ये कळलं होतं. मला एकच विचारायचं होतं. तिने मला बोलवायला फोन केला होता, की रोजच्यासारखं नुसतं पोचले म्हणून कळवायला? बाईंनी 'कळवायला' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

बाईंनी हातातला दोरा खाली ठेवला.

"मी म्हटलं, ताई, उचलत न्हाईत तर दुसऱ्या कुणाला लावा. तर म्हणाल्या, ते न्हाई उचलायचे, आमची तशी पद्धतच हाय." बाईंनी दोरा पुन्हा उचलला. "पण फोन काय कापला न्हाई त्यांनी. वाजत व्हता तवर कानाला लावून बसल्या व्हत्या."