उजव्या मुंढ्याचा अर्धा इंच

आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली मी पहिली. पप्पा करी रोडच्या चाळीत, गॅलरीतल्या मशीनवर ब्लाउज शिवतात. मला फॅशन डिझाइनच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तिकडे कटिंग शिकवतात ना?"

पहिल्याच महिन्यात एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस कॉलेजात आला. कपड्यांची कटिंगं कॉम्प्युटरवर आखायचं त्यांचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट होतं. वर एक टी-शर्ट. जाताना तो आमच्या बाईंना हसत म्हणाला, "एकदा सवय लागली की मुलं दुसरीकडे जात नाहीत." मी तिथेच उभी होते. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्याकडे फुकट आलेली वस्तू कुणाची तरी वापरून झालेली असायची. ही नवीकोरी होती, आणि माझ्या नावाने उघडत होती.

दुसऱ्या वर्षी कंपनीने मला विद्यार्थी प्रतिनिधी केलं. तो टी-शर्ट घालून मी नव्या मुलींना सॉफ्टवेअर घालून द्यायचे.

"दीदी, नंतर पैसे नाही ना पडणार?"

"नाही गं, स्टुडंटला फ्री आहे."

मी खोटं बोलत नव्हते. पुढचा प्रश्न मला सुचलाच नव्हता, एवढंच.

पप्पांच्या मशीनमागे खिळ्याला खाकी कागदाची कटिंगं टांगलेली असायची, प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक. ब्लाउज कुठे ओढतो ते बघून पप्पा त्याच कागदाला ठिगळ लावायचे किंवा कात्री मारायचे. त्यात मासे विकणाऱ्या एका मावशींचं कटिंग होतं. उजव्या हाताने डोक्यावरची पाटी धरून धरून त्यांचा खांदा बदलला होता. म्हणून उजवा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, डाव्यापेक्षा अर्धा इंच मोठा. हे टेपने कळत नाही. तीन-चार ब्लाउज बिघडल्यावर पप्पांना ते सापडलं होतं.

मी सगळी कटिंगं कॉम्प्युटरवर चढवली. मावशींचा मुंढा कॉलेजात दाखवून शाबासकीही घेतली. मग दिवाळीच्या साफसफाईत कागद रद्दीत काढले.

"राहू दे गं," पप्पा म्हणाले.

"पप्पा, पाहिजे तेव्हा प्रिंट निघते. फाटली तर दुसरी."

त्यांनी गठ्ठा बांधायला सुतळी काढून दिली. कॉलेजात मी जात होते, ते नाही.

प्रिंटचा कागद पातळ. दोनदा वापरला की फाटायचा, आम्ही टाकून द्यायचो. निकालानंतर काही आठवड्यांनी एक दिवस स्क्रीनवर आलं, विद्यार्थी परवाना संपला. फाइलींची नावं दिसत होती, उघडत एकही नव्हती. कंपनीला लिहिलं तर डिप्लोमाबद्दल अभिनंदन आलं, आणि खाली वर्षाची फी. ती भरणं आमच्या आवाक्यात नव्हतं. दुसरं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन पाहिलं, त्याला त्या फाइली कळेनात. मलाही त्यात साधी बाही आखता येईना. आता नोकरीच्या जाहिरातीत मी आधी त्याच कंपनीचं नाव शोधते. दुसरं काही मला येतच नाही.

मावशी मुलीच्या हळदीसाठी हिरवं कापड घेऊन आल्या. पप्पांनी नव्याने माप घेतलं, आठवून आठवून कापलं. अर्धा इंच लक्षात होता, पण गोलाईत तो नेमका कुठे वाढवायचा ते त्या कागदावरच होतं. चौथ्या दिवशी मावशींनी ब्लाउज घालून पाहिला, पाटी धरतात तसा हात वर केला. काखेत टाका उसवला.

"काय हे, मास्तर? माझा कागद काढा की, त्याच्यावरून कापा."

पप्पांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मी दारातच होते.

"उंदरांनी खाल्ला, ताई."

"आणि हात? हातपण उंदरांनी खाल्ला?" मावशी हसल्या. "म्हातारे झालात तुम्ही."

"झालो खरा," पप्पा म्हणाले.

त्यांनी शिलाईत जादा सोडलेल्या कापडातून उसवलेलं सांधून दिलं, पण मुंढ्यात वाढवायला कापडच उरलं नव्हतं. हळदीत हात वर करू नका, असं त्यांनी मावशींना सांगितलं. मावशी ब्लाउज घेऊन गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत.