तसबिरीवरची चीर

धर्मांतरानंतर आमच्या घरी बुद्धाची तसबीर आली. काच फुटेल म्हणून दिरांनी नागपूरहून काचेसारखं प्लास्टिक आणलं. ते घरी नसताना मीच ते चौकटीवर ठेवून खिळा ठोकला आणि कोपऱ्यातून लांब चीर गेली.

सासूबाईंनी नणंदेला चापट मारली. "तुले कायले हात लावा लागते वो पोरी?" मी भाकरी थापत गप्प राहिले.

दिरांनी खिळा तापवून चिरेच्या टोकाशी बारीक भोक पाडलं. "आता चीर पुढं नाही जाणार. वहिनी, याले आधी भोक पाडा लागते, मंग खिळा," असं ते मलाच म्हणाले. त्यांना कळलं होतं.

संध्याकाळी सगळ्यांसोबत पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या शीलाला मी नुसते ओठ हलवले.