चौकातला रोही

तुम्ही व्हिडिओ कॉलवर तुमच्या शहरातलं कारंजं दाखवलंत. दगडी घोडे, दगडी मासे, सगळ्यांच्या तोंडातून पाणी. मी म्हणाले, आमच्याही चौकात तसं आहे. "मग चालू असताना दाखव ना, आजी," असं धाकटीने म्हटलं आणि मी शब्द देऊन बसले. माझ्या गावातली एक तरी गोष्ट तिला आवडावी, एवढीच इच्छा होती.

आमच्या कारंज्यात दोन मोर, एक अस्वल आणि मधोमध रोही आहे. रोही म्हणजे नीलगाय. उद्घाटनाच्या दिवशी बाजाराला आलेला एक शेतकरी त्याच्यासमोर थबकला. "काऊन हो, हा माह्या तुरीत शिरते म्हणून मी रातभर डबा वाजवतो, अन् तुम्ही याले इथं आंघोळ घालून राह्यले?"

सुदैवाने दुसऱ्या दिवसापासून आंघोळ बंद झाली. आता कारंजं फक्त मोठा पाहुणा आला की चालतं. एरवी हौदात चहाचे कागदी कप असतात आणि अस्वलाच्या पंजावर कोणाचा तरी गमछा वाळत असतो.

मी नगरपालिकेत रीतसर अर्ज केला. विषय, संदर्भ, दिनांक, सगळं. संदर्भ म्हणून तुमचा व्हिडिओ कॉल लिहिला. शेवटी सवयीने एक ओळ घातली: इतर कोणाचीही गैरसोय होऊ नये. गल्लोगल्ली नळाचं पाणी सोडणारा माणूस माझा जुना विद्यार्थी. अर्ज त्याच्याकडेच गेला.

"मॅडम, पाहुणा कोण येऊन राह्यला?"

"माझी नातवंडं. फोनवर."

"मंग आहेत ना पाहुणे! गुरुवारी पाचले सोडतो."

गुरुवारी मी इस्त्रीची साडी नेसून, फोन पूर्ण चार्ज करून उभी. बरोबर पाचला मोरांनी पिचकाऱ्या सोडल्या, अस्वल गुळण्या करू लागलं आणि रोह्याच्या तोंडातून जाड धार पडली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तेवढ्यात माझी शेजारीण रिकामी कळशी घेऊन धावत आली.

"काकू, आज आपल्या गल्लीचा नंबर होता ना? नळाले थेंब नाही!"

मी पाणी सोडणाऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच तं लिहिलं, इतर कोणाची गैरसोय नको," तो म्हणाला. "म्हणून तुमच्याच गल्लीचं वळवलं."

"आता पुढचा नंबर?"

"आठ दिवसांनी, मॅडम."

शेजारणीने पदर खोचला आणि कळशी रोह्याच्या तोंडाखाली धरली. दहा मिनिटांत अख्खी गल्ली हजर झाली. ढकलाढकली मला खपत नाही, म्हणून रांगा मीच लावल्या: रोह्यापुढे पिण्याचं, अस्वलापुढे धुण्याभांड्यांचं.

"आजी, तुमच्या कारंज्याला इतकी माणसं येतात?" धाकटी विचारत होती. "आमच्याकडे तर कोणी थांबतही नाही."

"येतात की," मी म्हणाले आणि फोन अस्वलाच्या पंजाला टेकवून ठेवला, कारण भरलेला हंडा एका हाताने उचलवत नाही. त्यानंतर तुम्हाला बराच वेळ नुसता गमछा दिसला, तो त्यामुळे.