शेजारच्या घरातल्या खोल्या

तुळजापुरात आमची वसाहत देवळापासून जरा लांब, म्हणून यात्रेकरूंची वर्दळ आमच्या बोळापर्यंत कधी आली नव्हती. शेजारच्या वहिनींनी घरावर मजला चढवला, वर चार खोल्या काढल्या आणि फाटकावर ‘भक्तांसाठी खोल्या मिळतील’ अशी पाटी लावली. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहीनासं झालं.

माझे यजमान सोलापूरला नोकरीला, शनिवारी यायचे. एरवी घरी मी आणि सासूबाई. त्यांना विसर पडायला लागलेला. बोळात जीप शिरली की त्या दार उघडून उभ्या. खोली विचारायला चुकून आमच्याकडं आलेल्या कुणालाही म्हणायच्या, “या, बसा.” भाजी निवडतानाही माझा कान दाराच्या कडीकडंच असायचा.

वहिनींना मी दोनदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “माझ्या घरात म्या कुणाला ठेवावं, हे तुमी कसं सांगता? देवीच्या गावात लोक येणारच की.” शेवटी मी नगरपरिषदेत अर्ज दिला. नकाशा राहत्या घराचा मंजूर आहे आणि तिथं लॉज चालतंय, एवढंच लिहिलं.

पाहणीला इंजिनिअर आले ते नेमके मंगळवारी, देवीच्या वाराला. बोळ गाड्यांनी भरलेला. गाड्या कुठं लागतात ते मी त्यांना दाखवत होते, वहिनी जिन्यावरून उत्तरं देत होत्या. बोलणं वाढत गेलं. मागं वळून पाहिलं तर आमचं दार सताड उघडं. सासूबाई आत नव्हत्या, न्हाणीत नव्हत्या, परसातही नव्हत्या.

“आत्या, आत्या,” अशा सासूबाईंना हाका मारत मी बोळाच्या तोंडापर्यंत धावले. वहिनी मागोमाग आल्या. “थांबा, आत्ताच माझ्याकडं उतरलेल्या इंडीकडच्या कानडी लोकांची जीप गेली,” म्हणत त्यांनी फोन लावला आणि कानडीत भराभर बोलू लागल्या. मला एक शब्द कळेना. मी नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

“हायत. जीपमधी बसल्यात,” त्या म्हणाल्या. “देवळापाशी सोडा म्हणाल्या म्हणं. त्येंला वाटलं, म्हातारं माणूस हाय, सोडावं. माघारी आणायलेत.”

जीप येईपर्यंत वहिनी माझा दंड धरून उभ्या होत्या. सासूबाई उतरल्या तेव्हा हातात कुणीतरी दिलेलं केळ होतं. मला म्हणाल्या, “तू का रडायलीस?”

इंजिनिअर अजून फाटकाशीच होते. त्यांनी हळूच विचारलं, “मग ताई, अर्ज मागं घेता का?”

वहिनींनी माझा दंड सोडला नव्हता. मी खाली बघत म्हणाले, “न्हाय. अर्ज राहू द्या.”

त्यांचा हात निघाला. त्या जिना चढून गेल्या.

पुढं नोटीस निघाली, सुनावणी झाली. दोनच खोल्या द्यायच्या, पाहुण्यांची ये-जा आणि गाड्या मागच्या रस्त्यानं, असं ठरलं. पाटीही तिकडं गेली. मी बरोबर केलं, असं यजमान म्हणतात. मलाही तसंच वाटतं. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. मी दळणाला गेले की मात्र ओसरीवर सासूबाईंजवळ येऊन बसतात आणि माझी चाहूल लागली की उठून जातात. म्हणून हल्ली मी गिरणीत मुद्दाम रेंगाळते, आणि तिथंही जीव घराच्या दारातच अडकलेला असतो.