गाडीचं अस्तर
गल्लीत त्यांना सगळे बायंडर म्हणत. अडतीस वर्षं छापखान्याच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधून निवृत्त झालेला हा माणूस. त्यांचं खरं नाव आता कागदोपत्रीच उरलं होतं.

घरात मात्र त्यांच्या हातांवर बायकोचा काडीचा विश्वास नव्हता. खिळा ठोकायला गेले की भिंतीचा पोपडा पडे, कप विसळायला घेतला की नुसता कान हातात राही. "हात आहेत की पाय?" असं ती विचारी आणि ते बापडे खरंच हातांकडे बघत बसत.

तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि दर सोमवारी, गुरुवारी तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायची वेळ आली, तीही आडवं झोपवून. बायंडरनी आपल्या जुन्या गाडीत मागे फळी टाकून तिच्यापुरती उंच, सपाट जागा केली. पण छताचं कापड सुटून खाली लोंबलेलं. खड्डा आला की ते तिच्या नाकाला लागे, वरून पिवळा भुगा डोळ्यांत पडे आणि तिचा जीव गुदमरे. गुरुवारी तिने अर्ध्या रस्त्यातून गाडी परत फिरवायला लावली. "ह्या गाडीत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही," म्हणाली. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, हे दोन महिने व्यायाम चुकवलात तर डावा पाय कायमचा गेला समजा.

बायंडर दुसऱ्या दिवशी सीटकव्हरवाल्याकडे गेले.

"काका, रूफ लायनिंग गेलंय. दहा दिवस गाडी सोडावी लागेल."

"लायनिंग म्हणजे?"

"अहो, अस्तर!"

ह्या एका शब्दाने सगळा घोटाळा केला. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून कागद चिकटवतात, त्यालाही अस्तरच म्हणतात, आणि तसली अस्तरं बायंडरनी आयुष्यभर चिकटवली होती. ते कापड आणि चिकटवायच्या सोल्युशनचा डबा घेऊनच घरी आले.

"आपला हात जगन्नाथ!" ते दारातूनच म्हणाले.

"तो ज्याला हात आहेत त्याच्यासाठी," बायको म्हणाली. "आणि कापड दुप्पट कशाला आणलंत? नेमकं माप म्हणून काही ठाऊक आहे का?"

शनिवारी सकाळी तिने आपली खाट अंगणाच्या खिडकीशी ओढायला लावली. पाहायला कमी, ओरडायला जास्त.

बायंडरनी आधी दिवे, हँडलं, दारांची रबरं काढून ओळीने मांडली. मग शेजारच्या पोस्टमनच्या मदतीने आतलं अख्खं छत मागच्या दारातून बाहेर ओढलं, आणि ते हरखून ओरडले, "अगं, हा तर पुठ्ठा आहे!" जुनं कापड सोलल्यावर खाली कुजलेल्या फोमचा पिवळा थर होता. तो मऊ ब्रशने घासून काढायला त्यांना दीड तास लागला. पोस्टमन म्हणाला, "आता पुरे की." बायंडर म्हणाले, "भुग्यावर चिकटवलं तर भुग्यालाच चिकटेल." मग तळहात फिरवून त्यांनी आणखी तीन कण वेचले.

अर्ध्या छताला आणि अर्ध्या कापडाला सोल्युशन लावलं, ते कितपत वाळलं याचा बोटाच्या पाठीने अंदाज घेतला आणि सवयीप्रमाणे कापड ताणून, पुस्तकाच्या कव्हरासारखं कडक बसवलं. सुंदर दिसत होतं. तासाभराने ऊन चढलं आणि जिथे पुठ्ठ्याला खोलगा होता, तिथे कापड फटकन सुटून तंबूसारखं उभं राहिलं.

पोस्टमन हसला. बायको आता खिडकीतून ओरडणार, एवढ्यात तिला त्यांचा चेहरा दिसला. ते चिडले नव्हते, घाबरलेही नव्हते. "पुस्तकाला खड्डा नसतो," ते स्वतःशीच म्हणाले. "ताणायचं नाही. त्याला आत जाऊ द्यायचं." त्यांनी ते कापड पुरतं सोलून टाकलं, पुठ्ठा पुन्हा साफ केला आणि उरलेलं कापड उलगडलं. दुप्पट का आणलं होतं ते तिला तेव्हा कळलं.

ह्या वेळी ते मधून सुरू झाले. एक हात कापड सैल धरून होता, दुसरा तळहात ते हळूहळू खोलग्यात बसवत होता, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. कापडाखाली कुठेतरी वाळूएवढा कण होता. तो कुणालाच दिसला नसता, पण त्यांचं बोट तिथे थांबलं. त्यांनी कापड उचलून कण टिपला आणि पुन्हा त्याच जागेपासून पुढे गेले. घाई नाही, एक हालचाल जास्त नाही. पोस्टमन हसायचा थांबला. हे कोणाचे हात आहेत, असं खिडकीतून बघताना तिला वाटलं.

सोमवारी दोघांनी मिळून तिला गाडीत झोपवलं. पोस्टमन घरी गेला, गाडी निघाली. वर आभाळासारखं स्वच्छ, राखाडी छत. नेहमीच्या सवयीने ती खोट शोधू लागली. कोपरे पाहिले, दिव्याभोवती पाहिलं, खोलगे पाहिले.

"सापडली का सुरकुती?" पुढून त्यांनी विचारलं.

"नाही."

अडतीस वर्षं तिने रोज सकाळी त्यांचा डबा भरला होता. पण छापखान्याच्या मागच्या खोलीत हा माणूस काय करतो, ते पाहायला ती एकदाही गेली नव्हती. अशी किती हजार पुस्तकं ह्या हातांखालून गेली असतील, आणि लोकांनी ती नुसतीच उघडून वाचली असतील. तिच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानांत गेलं.

आरशात त्यांना ते दिसलं. गाडीचा वेग एकदम कमी झाला.

"अगं, गुदमरतंय का? परत फिरवू?"

"खबरदार गाडी फिरवलीत तर!" ती म्हणाली.