लीद काढायचे पैसे

आमच्या आप्पांना घोड्यांची लीद काढायचे पैसे मिळायचे. मी आणि आक्का घोडीची लीद काढतो आणि त्याचे पैसे देतो. एका पिढीत घराण्याची एवढी प्रगती झाली, असं मी म्हटलं की आक्का हातात असेल ती लसूणघासाची पेंढी मला फेकून मारते.

आक्का माझी थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून तिने अख्खी नोकरी काढली. रिटायर झाल्यावर बरोबरीच्या बायकांनी काश्मीरची तिकिटं काढली आणि हिने घोडागाडीच्या शर्यतीत पळणारी घोडी घेतली. कारण विचारलं तर म्हणाली, "आप्पांसाठी." निपाणीजवळच्या आमच्या गावात इनामदारांकडे शर्यतीची सात घोडी होती. त्यांचं खाणंपिणं, खरारा, लीद, सगळं आप्पांकडे. शर्यत जिंकली की गुलाल घोड्यावर पडायचा, इनामदारांवर पडायचा. गाडीच्या बैठकीला आप्पांचा हात लागायचा तो पुसण्यापुरता. त्या बैठकीवर आप्पांना एकदा बसवायचं, आणि तेही आपल्या घोडीच्या गाडीत, एवढंच आक्काच्या मनात होतं.

पण चौऱ्याऐंशी वर्षांचे आप्पा शहरातल्या आमच्या खासबागच्या घरातून हलायलाच तयार नव्हते. "जन्मभर लीद काढली. आता बघायला कशाला यू?" म्हणायचे आणि कूस बदलायचे.

घोडी ठेवली शहराबाहेर मच्छेला, शर्यतीच्या घोड्यांच्या एका तबेल्यात. ओळीत सहा खण, एका खणात एक घोडं. पूर्ण सोय घेतली तर सगळं मालकाची माणसं करणार. त्याचा महिन्याचा आकडा ऐकून आक्काने स्वतःचीच नाडी धरली. मालक म्हणाला, "मग सेल्फ घ्या की आक्का. निम्म्यात बसतंय."

सेल्फ म्हणजे खण त्याचा, नळ त्याचा, बाकी सगळं आपलं. कडबा आपण आणायचा, हरभरा आपण भिजवायचा, नाल मारणाऱ्याला निपाणीहून आपण बोलवायचं आणि त्याला यायचा-जायचा खर्च, शिवाय जेवण द्यायचं. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत माल तपासतो, खोट काढणं हाच माझा धंदा. पहिल्याच महिन्यात मी आक्काला दाखवून दिलं की वाचलेलं निम्मं माझ्या मोटारसायकलच्या पेट्रोलात आणि कमरेच्या पट्ट्यात गेलं आहे. "कंबर तुझी आधीपासनंच तसली हाय," ती म्हणाली.

तिने खणाच्या दाराला दवाखान्यासारखा तक्ता टांगला होता. ताप, पाणी किती प्याली, लीद किती वेळा. पहिल्या शर्यतीत आमची घोडी सहावी आली. गाड्या सहाच होत्या. आक्काने तक्त्यात लिहिलं, तब्येत उत्तम.

आणि रोज संध्याकाळी मी घरी टेकलो की कॉटवरून आप्पांचा ठरलेला प्रश्न यायचा. "परवडतंय व्हय रं तुमास्नी?"

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सकाळचं झाडणं माझ्याकडे होतं, संध्याकाळचं आक्काकडे. साडेपाचला तबेला, तिथून घरी आंघोळ, मग फाउंड्री. लहानपणी सुट्टीत मी आप्पांबरोबर इनामदारांकडे जायचो. त्यांनी शिकवलेलं की सगळ्यात आतल्या घोड्यापासून सुरुवात करायची आणि ओढत ओढत दारापर्यंत यायचं, म्हणजे मागे घाण राहत नाही. मच्छेला आमची घोडी दाराजवळच्या खणात. मी पहिल्या दिवशी फावडं उचललं, सरळ आत गेलो आणि शेवटच्या खणापासून सुरुवात केली. पाच खण लोकांचे काढले आणि सहावा आमचा. दुसऱ्या दिवशीही तेच. डोक्यात काही आलंच नाही, हात चालत होते. मालक चहा पीत बघायचा आणि म्हणायचा, "लई चोख काम हाय तुमचं." बाकीचे घोडेवाले सातला यायचे. त्यांना वाटायचं, झाडलोट भाड्यातच आहे.

असा दीड महिना गेला. मग एक दिवस काळ्या घोड्याचे मालक लवकर आले. मी त्यांच्याच खणातून लिदीची बुट्टी भरून बाहेर पडत होतो. त्यांनी माझ्या हातात पन्नासची नोट ठेवली. "चहाला असू द्या." मी ती घेतली. वर मान खाली घालून "व्हय" म्हणालो. माझ्या हाताखाली फाउंड्रीत अकरा माणसं आहेत.

संध्याकाळी आक्का आमच्या घरी आली होती, तेव्हा मी हे सगळं गंमत म्हणून सांगितलं. बायको पदर तोंडाला लावून हसली. आक्का तर हसून हसून रडायला आली. "पाच घोड्यांची फुकट चाकरी! आणि मला म्हणतोस खर्च लई होतोय!"

आप्पा हसले नाहीत.

"घेतलास पैसे?"

"घेतले."

"काय म्हनून?"

"हात पुढं गेला, आप्पा."

ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाटलं, आता हे कधीच तबेल्यात येत नाहीत. सांगितलं कशाला, म्हणून मी स्वतःवरच चिडलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आप्पा धुतलेला शर्ट घालून, टोपी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे होते. "चल," एवढंच म्हणाले. आक्काला तिच्या घरी फोन केला तर ती रिक्षाने आमच्याआधी पोचली.

तबेल्यात शिरलो आणि मी फावडं घेऊन आत चालायला लागलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशीही.

"कुठं चाललास?" आप्पा म्हणाले. "आपली कुठली?"

आक्काने दाराजवळची घोडी दाखवली. आप्पांनी माझ्या हातातून फावडं काढून घेतलं. आक्का बीपी बीपी करत होती, त्यांनी ऐकलं नाही. थांबत थांबत, दम खात त्यांनी तो एक खण काढला. शेजारच्या खणाच्या हद्दीपर्यंत आले. फावडं सवयीने पुढे गेलं, तसंच हवेत थांबलं. मग त्यांनी ते भिंतीला लावून ठेवलं.

"झालं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "एवढंच?"

मी नळाकडे गेलो आणि उगाच बादली भरत बसलो.

तेवढ्यात काळ्या घोड्याचे मालक आले. "काय हो, आज आमचं राहिलं की!"

"पन्नास रुपय काढ," आप्पा मला म्हणाले. मी काढले. ते त्यांनी त्या गृहस्थांच्या हातात ठेवले. "पोरगं चुकून घेऊन आलतं. आमची एवढी एकच घोडी हाय."

ते गृहस्थ "असू द्या की आजोबा" म्हणत राहिले. आप्पांनी ऐकलं नाही.

आक्काने गाडी जुंपली. बसा म्हणायची हिंमत तिलाही होईना. आप्पा गाडीजवळ गेले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बैठक नीट पुसली, कोपऱ्यांसकट. क्षणभर बाजूला उभे राहिले, कुणाला तरी वाट दिल्यासारखे. मग चाकावर पाय ठेवून वर चढले आणि बसले. आक्का लगाम धरून चालत निघाली. रस्त्यापर्यंत जाऊन परत, एवढीच फेरी.

त्या दिवशी मी फाउंड्रीत उशिरा पोचलो आणि अर्ध्या दिवसाचा पगार गेला. संध्याकाळी घरी आल्यावर म्हटलं, आज आपण विचारू.

"काय आप्पा, परवडतंय व्हय हे?"

त्यांनी कॉटवरून माझ्याकडे बघितलं.

"परवडतंय," म्हणाले. "उद्या पाचला उठव मला."