पुष्पाले विचारून सांगतो

चिखलीत पुढे व्हिडिओ कॅसेटची दुकानं चार-पाच झाली, पण शेषरावाच्या दुकानासारखं दुकान दुसरं झालं नाही. इतर ठिकाणी कोणतीही कॅसेट मागा, "एक नंबर पिक्चर हाये" म्हणून हातात ठेवायचे. शेषराव मात्र नवी कॅसेट गिऱ्हाइकाच्या हातून परत घ्यायचा. "हा आमी अजून पाह्यला नाई," तो म्हणायचा. "पुष्पाले विचारून सांगतो."

पुष्पाबाई त्याची बायको. दुकानामागच्या खोलीत ती पलंगावर असायची. सुलतानपूरचं एक लग्न आटोपून परत येताना जीप वळणावर उलटली होती. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं, हिचा मात्र कणा मोडला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी महिनाभर ठेवून घेतलं आणि मग शेषरावाला बाजूला घेऊन सांगितलं, कमरेखालच्या अंगात आता जीव परत यायचा नाही.

साखरखेर्ड्याहून त्याचा थोरला भाऊ भगवानराव आला. घसा खाकरून म्हणाला, "तिले टाकून दे असं कोनी म्हनत नाई. राहू दे घरात. पन तुह्या संसाराचं काय? दुसरी करून घे." शेषराव त्याच्याशी भांडला नाही. आपल्या वाट्याचं वावर भावाला कसायला दिलं आणि बायकोला घेऊन चिखलीला बिऱ्हाड केलं. दवाखाना जवळ पडतो, एवढंच कारण सांगितलं.

पुष्पाबाईला सिनेमाचा भारी नाद. माहेरच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा ती दिवस मावळायच्या आधीच पोतं अंथरून पुढची जागा धरायची. पलंगाला खिळल्यावर ते सगळं तुटलं. म्हणून व्हीसीआर नावाचं यंत्र बाजारात आलं तसं शेषरावाने ते घेतलं आणि त्याच्याच जोरावर दुकान थाटलं. "आता थेटरच आपल्या घरी आनलं," तो म्हणाला. त्या दिवशी ती अपघातानंतर पहिल्यांदा मोकळं हसली.

दुपारची जेवणं झाली की तो दुकानाची फळी लावायचा, तिच्या पाठीशी उशा रचायचा, आणि दोघं पिक्चर पाहायचे. तो खुर्चीवर, ती पलंगावर. शेषरावाला काहीही आवडायचं. तिचं तसं नव्हतं.

"याची माय मेली अन् पुढच्याच गान्यात हा नाचून राह्यला," ती एकदा एका नायकाबद्दल म्हणाली. "त्याले माय नव्हतीच. रडायचा बहाना होता."

एक पिक्चर थेटरात दोन दिवसही टिकला नव्हता. एका म्हाताऱ्याची गोष्ट, ना मारामारी ना गाणी. शेषराव पेंगायला लागला, पण ती शेवटपर्यंत पापणी न हलवता पाहत राहिली. "या बुढ्याले घरात कोनी विचारत नाई, पन तो एकदाबी बोलून दाखवत नाई. आपल्याले आपोआप समजते. हा द्या लोकाइले." शेषरावाने दिला. न्यायला तयार नसलेल्यांनाही दिला. नेणारे परत येऊन म्हणाले, अजून असा असेल तर सांगा.

हळूहळू बायका मागच्या खिडकीशी येऊन थेट तिलाच विचारू लागल्या. शेजारच्या सिंधूताई तर तिच्या होकाराशिवाय कॅसेट न्यायच्याच नाहीत.

मग तो पिक्चर आला. बुलढाण्याच्या थेटरात त्याला आठवडेच्या आठवडे गर्दी होती. त्यातली नायिका वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली असते. नवरा देवीला नवस बोलतो, अनवाणी डोंगर चढतो, शेवटी देवळातली घंटा वाजते आणि ती उठून धावत पायऱ्या उतरते. बायका पदराने डोळे पुसत बाहेर पडायच्या.

कॅसेट दुकानात आली तशा सिंधूताई म्हणाल्या, "पुष्पाताईले दाखवाच हो, भाऊ. हिंमत येईन तिले."

शेषरावाने ती खणात टाकली आणि आज दाखवू, उद्या दाखवू करत राहिला. खरं असं होतं की माल आणायला बुलढाण्याला गेला असताना त्याने तो पिक्चर एकट्यानेच पाहिला होता, आणि शेवटाला तो इतका रडला होता की शेजारच्या माणसाने त्याला पाणी दिलं. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी सिंधूताईच दोन-तीन बायकांना घेऊन आल्या. नाइलाजाने त्याने कॅसेट लावली. घंटा वाजली, नायिका उठली, आणि खोलीतल्या साऱ्या बायका नकळत पलंगाकडे वळल्या. पुष्पाबाई पडद्याकडेच पाहत होती.

"कसा वाटला?" सिंधूताईंनी हळूच विचारलं.

"गानी चांगली हायेत."

मग ती म्हणाली, "इतके वर्स बाई पडून हाये, पन तिले कोनी कुशीवर वळवत नाई. चादर बदलत नाई. पाठीले एक जखम नाई. नवरा देवीपाशी रडते, तिच्यापाशी घडीभर बसत नाई. अन् ती उठली त समदे म्हन्तात, नवऱ्याची भक्ती खरी. मंग जी उठत नाई, तिच्या नवऱ्याची खोटी काय?"

बायका एकेक करत निघून गेल्या.

"तुमी आधीच पाह्यला होता हा," पुष्पाबाई म्हणाली.

"हाव."

"रडले असान."

त्याने मान डोलावली.

"तुमाले वाटलं का, मी उठीन म्हनून?"

एकाही पिक्चरबद्दल तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. "वाटलं," तो म्हणाला. "अजूनबी वाटते."

तिने डोळे मिटले. "मले नाई वाटत. कवापासूनच नाई. तुमचं मन मोडन म्हनून बोलली नाई." मग म्हणाली, "तुमी तिकडं उभे राहून वाट पाहून राह्यले. अन् मी इकडं एकटीच हाये."

शेषराव खुर्चीवरून उठला आणि तिच्याजवळ पलंगावर बसला. तिचा हात हातात घेतला. त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ती खुर्ची दुकानात नेऊन ठेवली; पिक्चर पाहताना तो आता पलंगावरच बसायचा.

पिक्चर सगळ्यांनाच हवा होता. शेषराव द्यायचा, पण सोबत तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगायचा. कोणी ऐकून गप्प व्हायचं, कोणी चिडायचं. "देवीच्या पिक्चरले नावं ठेवता?" म्हणून काही गिऱ्हाइकं तुटली. त्याने पर्वा केली नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या पाठीची जखम चिघळली. ताप चढला तो उतरलाच नाही. दवाखान्यात पाच दिवस काढून ती एका सकाळी गेली. जाताना शुद्ध नव्हती. शेषराव तिच्या तोंडाशी वाकून बसला होता, काहीतरी बोलेल म्हणून.

दुकान त्याने पुन्हा उघडून पाहिलं. लोक विचारायचे, हा कसा हाये? तो कॅसेट उलटसुलट करत राहायचा. दुपारी फळी लावून एक हसवणारा पिक्चर त्याने मागे लावून पाहिला. कुठे हसायचं ते त्याला समजेना. शेवटी सामान विकून टाकलं आणि भगवानराव येऊन त्याला साखरखेर्ड्याला घेऊन गेला.

तिथे एका बारशाला कचरू नावाच्या शेजाऱ्याने भाड्याने व्हिडिओ आणला होता. दिवसाउजेडीच मांडवाला चादरी बांधून अंधार केला होता. सगळ्यांनी शेषरावाला मानाने पुढे बसवलं. पिक्चर अर्धा झाला नसेल तेव्हा तो उठला. कचरू त्याच्यामागे बाहेर आला.

"काऊन, दादा? आवडला नाई का?"

"चांगला असन," शेषराव म्हणाला. "मले एकट्याले सांगता येत नाई."

कचरूला त्याचा अर्थ लागला नाही. आतून हशा ऐकू आला तसा तो परत मांडवात शिरला. शेषरावाने वहाणा शोधल्या, पायात घातल्या आणि वावराच्या वाटेला लागला.